सहाव्या राष्ट्राध्यक्षांचा टिळा

एखादी वस्तू माझ्या ताब्यात दिली की देणाऱ्यानं खुशाल ताणून द्यावी! मी उगाच बढाया मारत नाही. मी फार्मासिस्ट आहे. गेली चार वर्षं ऑकलंडमध्ये, हेन्डरसनच्या एका औषधांच्या दुकानात मी लोकांच्या गोळ्या मोजतोय आणि आजवर एक गोळी इकडची तिकडे झालेली नाही. म्हणूनच २०१७च्या सप्टेंबरात आमची मालकीण लोरेन तीन आठवडे अमेरिकेला निघाली आणि मला म्हणाली, "हरीश, माझं घर सांभाळशील?" तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या भाषेत, एकदम बिनधास्त!

(मालकिणीला एकेरी हाक मारतोय म्हणून दचकू नका. इथे सगळे तसंच करतात. पहिला महिनाभर माझी जीभ वळत नव्हती, पण आता सवय झाली आहे.)

यात माझाही स्वार्थ होताच. आमचा रेसिडेन्सचा अर्ज अगदी तयार होता, फक्त मालकीण म्हणून लोरेननं द्यायच्या शिफारसपत्रावाचून अडला होता. परत आल्यावर सही करते, असं ती म्हणाली होती. सही झाली की आम्ही इथले, नाही झाली तर गाशा गुंडाळून मिरजेला! माझी बायको मृणालिनी घरात पाऊल टाकायच्या आधीच म्हणाली, "हे बघ हरीश, तिथे साधा कप जरी फुटला, तरी आधी मला सांग. म्हणजे मी बॅगा भरायला घेते."

तर आम्ही चौघं पापाकुराच्या आमच्या दोन खोल्यांतून हिल्सबरोच्या त्या ऐसपैस घरात दाखल झालो. मी, मृणालिनी, आमची नऊ वर्षांची ऋग्वेदा आणि मिरजेहून दोन महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाई, आशालताबाई.

लोरेननं जाताना मला सगळं घर फिरवून दाखवलं. बॉयलर, कचऱ्याचे डबे, बागेतले कॅमेलिया, सगळं पाच मिनिटांत आटोपलं. मग बैठकीच्या खोलीतल्या दोन तसबिरींसमोर मात्र तिनं मला चाळीस मिनिटं उभं केलं! दोन्ही तसबिरी जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या, म्हणजे अमेरिकेच्या सहाव्या राष्ट्राध्यक्षांच्या. लोरेन मूळची त्यांच्याच गावाकडची. डावीकडे तैलचित्र होतं. त्यात ॲडम्ससाहेब तरणेबांड, गुलाबी गालांचे आणि चांगले केसबिस असलेले. उजवीकडे फोटो होता. त्यात तेच ॲडम्ससाहेब पंचाहत्तरीचे, डोक्यावर चकचकीत टक्कल, कानांशी पांढरे कल्ले आणि चेहरा तर असा की नुकतीच कुणीतरी त्यांची खुर्ची ओढून घेतली आहे.

"अमेरिकेच्या कुठल्याही राष्ट्राध्यक्षाचा एवढा जुना फोटो आज दुसरा उरलेला नाही," लोरेन म्हणाली. "अर्थात ही त्याची प्रत. पण हे पेंटिंग! माझ्या आत्यानं मूळ चित्रावरून स्वतःच्या हातानं काढलंय. आता आत्याही नाही. हरीश, घर जळालं तर आधी हे बाहेर काढ."

"काळजीच नको!" मी म्हणालो. मंडळी, हे दोन शब्द मी आता आयुष्यात उच्चारत नाही.

सासूबाईंनी त्या तसबिरी पहिल्याच दिवशी हेरल्या. "हे लोरेनबाईंचे कोण?" त्यांनी विचारलं. मी तेव्हा कामावर जायच्या गडबडीत होतो. चाळीस मिनिटांची कथा पुन्हा कोण सांगणार? "जुने लोक आहेत, आई. कधीच गेले," असं म्हणून मी बस पकडायला पळालो. सगळा घोळ तिथेच झाला.

जवळजवळ तीन आठवडे सुखात गेले. कप फुटला नाही की बशीला टवका उडाला नाही. लोरेन परत यायच्या आदल्या दिवशी मी संध्याकाळी घरी आलो, तर घरात खिरीचा आणि उदबत्तीचा वास! मी जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, दारात काढल्या, बैठकीच्या खोलीत गेलो आणि जागच्या जागी थिजलो.

दोन्ही तसबिरींना कॅमेलियाचे जाडजूड हार! समोर समई. पानात खीर, वडे, भाजी. आणि सहाव्या राष्ट्राध्यक्षांच्या दोन्ही कपाळांवर कुंकवाचे ठसठशीत टिळे!

"आई!" मी ओरडलो. "हे काय केलंत?"

"अहो हरीशराव, आज सर्वपित्री," सासूबाई पदर सावरत म्हणाल्या. "ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं आजच करतात. तीन आठवडे आपण या माणसांच्या घरात राहतोय, खातोय-पितोय आणि यांच्या वाडवडिलांना साधं फूल नाही? मला तर पहिल्या दिवसापासून घास गोड लागत नव्हता. अष्टगंध मिरजेलाच राहिलं, मग कुंकूच लावलं."

"अहो, हे तिचे वाडवडील नाहीत! आणि हे दोघं नाहीतच. एकच आहेत!"

"काहीतरीच काय? हा म्हातारा बाप आणि हा त्याचा मुलगा. बिचारा तरणाताठा गेला, म्हणून तर बापाचा चेहरा असा झालाय."

"आई, हे अमेरिकेचे सहावे राष्ट्राध्यक्ष आहेत!"

सासूबाईंनी तसबिरींकडे नीट पाहिलं. "मग आता कुठे असतात?"

"आता कुठे असणार? १८४८ साली वारले!"

"मग झालं तर! गेलेल्या माणसाला हार घातला, यात माझं चुकलं काय?"

मी ओला कापूस घेतला. फोटोला काच होती, तिथला टिळा एका झटक्यात निघाला. मला धीर आला. तैलचित्राला मात्र काच नव्हती. मी हलकेच पुसलं, तर कुंकवाचा लाल ओघळ थेट नाकाच्या शेंड्यापर्यंत आला! सहावे राष्ट्राध्यक्ष कुठेतरी मारामारी करून आल्यासारखे दिसायला लागले.

"बाबा, यू आर मेकिंग इट वर्स," ऋग्वेदा सोफ्यावरून म्हणाली.

"तू गप्प बस! मी फार्मासिस्ट आहे. कुठला डाग कशानं जातो हे मला चांगलं कळतं," असं म्हणून मी बॅगेतून सर्जिकल स्पिरिट काढलं.

कुंकू गेलं! चुटकीसरशी गेलं! नाक साफ, भुवया साफ. मी विजयी मुद्रेनं कपाळावरून कापूस शेवटचा फिरवला आणि कापसाकडे पाहिलं. तो लाल नव्हता, गुलाबी होता. मग कपाळाकडे पाहिलं. कुंकवाच्या जागी, बरोब्बर मध्यभागी, सुपारीएवढा पांढराफटक कॅनव्हास दिसत होता.

माझी पाचावर धारण बसली. मी तसाच खाली सतरंजीवर बसलो. इतक्यात मृणालिनी कामावरून आली. तिनं चित्राकडे पाहिलं, माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं आणि ती तडक आतल्या खोलीत गेली. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.

"थांब गं!" मी आत धावलो. "काहीतरी करू. ऋग्वेदाचे वॉटरकलर आहेत ना?"

"हात तर लावून बघ त्या चित्राला!" मृणालिनी कडाडली. "खरं सांगून टाक तिला."

"सांगतो ना. पण सही झाल्यावर सांगतो!"

रात्रीचं जेवण कुणालाच गेलं नाही. खीर तशीच राहिली. मला मिरजेतला आमचा जिना दिसत होता आणि त्या जिन्यात उभे राहून "का हो परत आलात?" विचारणारे सगळे शेजारी दिसत होते. त्यांना काय सांगणार? एका अध्यक्षाचं कपाळ पुसलं म्हणून?

शेवटी तोडगा काढला तो सासूबाईंनीच. सकाळी त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यात एवढं काय? टिळा परत लावते. तेवढंच झाकलं जाईल."

दुसरा मार्गच नव्हता. त्यांनी कुंकू कालवलं आणि त्या पांढऱ्या ठिपक्यावर असा रेखीव टिळा काढला की खाली काही झालंय अशी शंका कुणाला येऊ नये. मग एकालाच टिळा कसा दिसेल, म्हणून म्हाताऱ्या ॲडम्सनाही पुन्हा लावला. हार तर होतेच. आणि दुपारी दाराशी टॅक्सी थांबली.

"किया ओरा, किया ओरा!" लोरेन आत आली, तिनं सगळ्यांना मिठ्या मारल्या आणि बैठकीच्या खोलीत पाऊल टाकताच थबकली.

"हे काय आहे, हरीश?"

मंडळी, त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ते पत्र नाचत होतं. मी म्हणालो, "ही आमच्याकडची पद्धत आहे. ज्या माणसाबद्दल आपल्याला खूप आदर वाटतो ना, त्याच्या फोटोला आम्ही हार घालतो आणि टिळा लावतो."

"बाबा, दॅट्स नॉट..." ऋग्वेदा सुरू झाली. मी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं उरलेलं वाक्य गिळलं.

सासूबाईंनाही गप्प बसवेना. त्या पुढे होऊन, बोटानं वर आकाशाकडे दाखवत, हसून म्हणाल्या, "ही डेड. व्हेरी डेड."

"हो तर, कधीच गेले," लोरेन म्हणाली. तिचे डोळे चक्क भरून आले होते. "चाळीस वर्षं हे माझ्या भिंतीवर आहेत. येणारा प्रत्येकजण विचारतो, हा रागीट म्हातारा कोण? आणि तुम्ही मात्र..." तिनं सासूबाईंना पुन्हा मिठी मारली. मग विचारलं, "हा टिळा किती दिवस ठेवायचा?"

"कायमचा!" मी जवळजवळ किंचाळलोच. "कधीही पुसायचा नाही! पुसला तर अपमान होतो!"

"आणि हे फक्त राष्ट्राध्यक्षांनाच करतात?"

"छे, छे! ज्यानं आपल्यासाठी काही केलंय, अशा कुणालाही."

"हाऊ लव्हली," लोरेन म्हणाली आणि तिनं ते मनात नीट नोंदवून ठेवलं. मला तेव्हा कळलं नाही. मी आपला सुटलो म्हणून खूश! आम्ही पापाकुराला परतलो आणि मी चार दिवस रजा घेऊन सासूबाईंना रोटोरुआ दाखवायला घेऊन गेलो.

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाला, दाराची बेल वाजली. मी अर्ध्या चड्डीत, हातात चहाचा कप घेऊन दार उघडलं. बाहेर राजारामकाका आणि कांचनकाकू. काका हेन्डरसनला राहतात, दर महिन्याला त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याकडूनच नेतात. आज दोघांचे चेहरे सुतकी, काकूंच्या हातात झाकलेलं पातेलं.

मला पाहताच काकूंनी पातेलं घट्ट धरलं आणि त्या एक पायरी खाली उतरल्या.

"तू?" काकांच्या तोंडून एवढंच निघालं.

"या ना, काका! चहा घेणार?"

"तू... आहेस?"

"म्हणजे काय? रजा होती माझी. पातेल्यात काय आहे?"

"पिठलं-भात," काकू रडवेल्या आवाजात म्हणाल्या. ज्या घरात माणूस गेलंय तिथे चूल पेटवत नाहीत, म्हणून शेजारपाजारचे पिठलं-भात नेतात. मी मृणालिनीकडे पाहिलं, मृणालिनीनं माझ्याकडे पाहिलं. "कोण गेलं?" आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

"अरे बाबा, दुकानात जाऊन बघ जरा!" काका कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "काल गोळ्या आणायला गेलो होतो. मी तर ग्रुपवर श्रद्धांजलीही टाकली!"

मी तसाच जॅन्डल्सवर निघालो. तासाभरानं दुकानात शिरलो, तर काउंटरच्या मागे, सगळ्यांना दिसेल अशा जागी, माझा फोटो! चांगला मोठा करून, सोनेरी चौकटीत. त्याला प्लॅस्टिकच्या झेंडूचा हार. खाली बॅटरीवरची लुकलुकणारी मेणबत्ती. आणि माझ्या कपाळाच्या बरोब्बर मध्यभागी, सेलच्या मालाला लावतो तो लाल गोल स्टिकर!

"सरप्राइज!" लोरेन हात पसरून म्हणाली. "तू माझ्या घरासाठी, माझ्या ॲडम्ससाठी एवढं केलंस! आणि तुझी माणसं किती हळवी रे! कालपासून तुझ्याकडचे हीप्स ऑफ लोक आले. फोटोपुढे उभे राहतात, हात जोडतात. एक बाई तर रडली. तुझी एवढी लोकप्रियता मला माहीतच नव्हती!"

"लोरेन," मी म्हणालो, "खरं म्हणजे हा हार..."

"आणि हे घे." तिनं माझ्या हातात पाकीट ठेवलं. पत्र! सहीसकट! "इमिग्रेशनवाले खात्री करायला मला फोन करतील म्हणे. दोन-तीन महिने लागतील. मी त्यांना सांगणार आहे, इतका सरळ, इतका खरा माणूस मी पाहिला नाही. हं, तू हाराचं काय म्हणत होतास?"

मी पाकिटाकडे पाहिलं. माझ्या फोटोकडे पाहिलं. हाराचं खरं सांगायचं म्हणजे टिळ्याचंही सांगावं लागणार, आणि टिळ्याचं सांगितलं की ती तो पुसणार.

"छान आहे," मी म्हणालो. "थँक यू."

तेव्हापासून गावभर फोन करून मी जिवंत असल्याचं सांगतोय. दुकानात नवं मराठी गिऱ्हाईक आलं की फोटोकडे बघतं, माझ्याकडे बघतं आणि औषध न घेताच निघून जातं. लोरेननं फोटोची देखभालही माझ्याकडेच सोपवली आहे. तुलाच त्यातलं कळतं, म्हणाली. त्यामुळे रोज सकाळी दुकान उघडलं की मी आधी स्वतःच्या फोटोवरची धूळ झटकतो आणि स्वतःपुढे दिवा लावतो.

परवा सासूबाईंचा मिरजेहून व्हिडिओ कॉल आला. मी फोन फिरवून त्यांना तो फोटो दाखवला. मला वाटलं, जावयाला असं पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. त्यांनी निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "शोभतं का हे, हरीशराव? घरच्या माणसाला कुणी प्लॅस्टिकची फुलं घालतं?"