पंचशीलाताईंचा डबा

सकाळपासून आशा सेविका पंचशीलाने उमापुरातल्या एकतीस घरांत एकच पाठ म्हणून दाखवला होता. वेळेवर जेवा, उपाशी राहू नका, डाळ, अंडं, पालेभाजी पोटात गेली तरच कोरोनाशी दोन हात करता येतील. आणि पाठ देणारी ही आशाताई स्वतः? कपभर काळ्या चहावर निघालेली! दुपारचे दोन वाजले तरी पोटात अन्नाचा कण नाही. पिशवीत भाकरी-ठेच्याचा डबा होता, पण खायचं म्हणजे मास्क काढायचा, आणि चारचौघांत मास्क काढायचा नाही हे तिनेच गावाला दम देऊन शिकवलं होतं. एरवी काही न शिकणारं गाव नेमकं हेच शिकलं.

लोकांच्या तक्रारी तर विचारूच नका. बंकटचं तोंड दिवसातून सात वेळा काढा पिऊन सोलवटलं होतं. नाथाने रोज दहा अंडी रिचवून पोट बिघडवलं होतं आणि खापर तिच्याच माथी फोडलं होतं.

शेवटी भूक सोसवेना म्हणून ती वत्सलाबाईंच्या ओट्यावर बसली. एरवी हाताला धरून चहा पाजणारी म्हातारी दाराआडूनच बोलली, "राग नको धरू पोरी. पण तू गावभर हिंडून आलीस. मास्क काढायचा तर आमच्या वट्यावर न्हाई." वर सर्दीत केळं चालतं का, तेही विचारून घेतलं. पारावर गेली, तर तिथली चार म्हातारी माणसं उठून चालती झाली. मग ती पाण्याच्या टाकीमागे दडली. पहिला घास मोडते न मोडते तोच नाथा मोबाईल घेऊन हजर.

"ताई, मास्क कुठाय? टाकू का फोटो ग्रुपवर?"

पंचशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताडकन उठली आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन धपकन खाली बसली. झालं! आशाताईलाच कोरोना झाला, ही बातमी पाच मिनिटांत वेशीपर्यंत गेली. सरपंच बबनरावांनी दवाखान्याच्या गाडीला फोन लावला.

"आरं, मला भूक लागली हाय!" ती कळवळून ओरडली.

"बडबडायला लागली," नाथा लांबूनच म्हणाला. "ताप डोक्यात गेला."

तिला तालुक्याच्या विलगीकरण केंद्रात नेऊन टाकलं. नमुना अंबाजोगाईला गेला, अहवाल येईपर्यंत हलायचं नाही. ती रात्रीपर्यंत गावाच्या नावानं बोटं मोडत बसली. मग वरण, भात, चपात्या, पालक आणि उकडलेलं अंडं असं गरम ताट समोर आलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण आयतं ताट तिच्यापुढे कुणी ठेवलं नव्हतं. पंचशीलाला रडूच आलं. तिने पोटभर खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा खाल्लं.

तिसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी राजश्री सिस्टर हसत आल्या. "ताई, निगेटिव्ह आलाय. गाडी उभी हाय, चला घरी."

पंचशीलाने दाराकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं.

"सिस्टर, असल्या आजाराचं काय खरं हाय?" ती म्हणाली. "आणखी एकदा तपासून बघा की." आणि तिने भात कालवायला घेतला.