चार हजार पाखरं आणि एक शिक्का

मोजणीत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात नव्हता! हे मी आज म्हणतोय असं नाही, तेव्हाही रोज म्हणायचो. ऐकणारे कधी उलटून बोलत नसत, कारण ते सगळे माझ्याच शाळेतले, पहिली ते चौथीचे होते.

साल अडतीस. मुलूख निजामाचा, गाव पोखर्णीपासून दोन कोसांवर, आणि मी त्या गावाचा एकमेव मास्तर, दिनकरराव. गावाला एक तळं होतं. दिवाळी सरली की तिथं कुठून कुठून पाखरं उतरायची. बदकं, चक्रवाक, करकोचे आणि आणखी काय काय. गाव त्या सगळ्यांना मिळून ‘बदकं’ म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

अशात माझ्याकडे येणाऱ्या मुंबईच्या मासिकात एक निवेदन छापून आलं. हिवाळी पाहुण्या पक्ष्यांची गणती! जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, सूर्योदयापासून तासभर, ज्यानं त्यानं आपापल्या पाणवठ्यावर पाखरं मोजावीत आणि सोबतचा तक्ता भरून पाठवावा. हुद्द्याची अट नाही, विद्वत्तेची अट नाही. खाली फक्त एका साक्षीदाराची सही.

“बघितलंस? शास्त्राला आपली गरज आहे!” मी कस्तुराबाईला म्हणालो.

बायको चुलीवरून मान वर न करता म्हणाली, “शाळेतली सदतीस पोरं तुमाला एका जागी बसवून मोजता येत न्हाईत. उडती पाखरं काय मोजणार?”

निजामी रिवाजानं शुक्रवारी शाळेला सुट्टी. तालीम करावी म्हणून पहाटे तळ्यावर गेलो. तीनशे बारापर्यंत आलो आणि वरून एक घार गेली. सगळी पाखरं उडाली आणि अदलाबदल करून परत बसली. पुन्हा सुरुवात. दोनशे ऐंशीला एक म्हैस पाण्यात उतरली. तिसऱ्या वेळी मीच शिंकलो!

“काय करायलाव मास्तर?”

मागं सटवाजी उभा होता. पासष्टीचा म्हातारा, एका गुडघ्यानं अधू. पण गावातल्या प्रत्येक खळ्यावर धान्याचं माप करायचा मान त्याचा. मी अडचण सांगितली. तो हसला.

“दाना दाना मोजतंय का कुणी? रास मोजा, रास!”

त्यानं पाण्यावरचा एक पुंजका बोटानं दाखवला. त्यात पाखरं किती? दोघांनी मिळून मोजली, पन्नास भरली. “ही झाली एक पायली,” सटवाजी म्हणाला. “आता आसल्या किती पायल्या हायेत तेवढंच बघायचं.” मी थक्क झालो! मासिकातही हीच युक्ती दिली होती, फक्त तीन पानं लागली होती.

रविवारी उजाडताच आम्ही बांधावर हजर. सटवाजीनं तळ्याकडे हात केला आणि धान्य ओतल्यासारखा फिरवला. “लाभ!” खळ्यावर पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. “लाभ... दोन... तीन...” वीस झाले की एक खडा बाजूला. मला राहवेना.

“किती झाले?”

“आता काय म्हनावं तुमाला! रास मोजताना बोलू न्हाई, बरकत जाती. चला, पुन्ना पयल्यापासून.”

दोनदा असं झाल्यावर मी तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून बसलो. शेवटी चार खडे पडले. म्हणजे ऐंशी पायल्या! एवढ्यात सटवाजीनं एकेक बोट दुमडायला सुरुवात केली. “देवाची एक, सुताराची एक, लोहाराची एक, कुंभाराची एक... ऱ्हायल्या शहात्तर.”

“अहो सटवाजी, बदकांत सुताराचा वाटा कशाला?”

“मापाची रीत हाय.”

रीत मी पाया पडून बाजूला ठेवायला लावली. ऐंशी गुणिले पन्नास, चार हजार! तो आकडा मी तक्त्यात दोनदा गिरवून लिहिला.

परतताना गावातल्या किशनराव शेतकऱ्यानं वाटेत अडवलं. “पाखरं कशापायी मोजायलाव?”

“ज्ञानासाठी.”

किशनरावांचा विश्वास बसला नाही. सरकारनं एखादी गोष्ट मोजली आणि मग ती मोजणाऱ्याच्या घरी जशीच्या तशी राहिली, असं त्यांच्या उभ्या आयुष्यात झालेलं नव्हतं. आज पाखरं मोजली, उद्या कोंबड्या मोजतील! संध्याकाळपर्यंत गावातली झाडून सगळी कोंबडी कणग्यांत आणि कडब्याच्या गंजीत गडप झाली.

इथवर सगळं ठीक होतं. इथंच थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण साक्षीदाराची सही राहिली होती.

“सटवाजीचा अंगठा घ्या की,” कस्तुराबाई म्हणाली.

“मुंबईत अंगठ्याला कोण विचारतो? कागदावर शिक्का पाहिजे, शिक्का!”

आमच्या मुलखात शिक्क्याशिवाय कागद म्हणजे पत्रावळ. जन्मापासून हेच बघितलेलं! दोन दिवसांनी मी धुतलेलं धोतर नेसून तालुक्याच्या कचेरीत दाखल झालो. तहसीलदारसाहेबांच्या मागच्या भिंतीवर दोन बंदुका टांगलेल्या होत्या. त्या मी बघितल्या, पण माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

पेशकारानं, म्हणजे साहेबांच्या कारकुनानं, तक्ता वाचून दाखवला. साहेब खुर्चीतून उठलेच.

“चार हजार बदकां? हमारे तालुके में? और हमकूच मालूम नहीं?”

“जी हुजूर. शिक्का मिळाला तर...”

“शिक्का लगाते ना मास्टरसाब! मगर अपनी आँख से देख को. पीर के दिन आते हम.” पीर म्हणजे सोमवार. मग सहज, मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, “और बदकां नहीं निकले तो याद रखो. सरकार कू झूटी रिपोर्ट देने वाले का तबादला नहीं होता, छुट्टी होती.”

मी घरी कसा आलो मला आठवत नाही. माझ्या आधी कचेरीचा घोडेस्वार गावात पोचला होता. आठ दिवसांचा शिकारी मुक्काम! दहा बैलगाड्या, रोजचं दूध, सरपण, चाळीस कोंबड्या आणि पाखरं उठवायला वीस हाकारे. सगळं वेठीला, म्हणजे दमडी न मागता राबायचं. तेही ऐन जानेवारीत, ज्वारी काढणीला आलेली असताना! कोंबडी मात्र गावात एकही सापडली नाही. “मग ह्या टोपलीतली अंडी कुणी घातली?” असं घोडेस्वारानं विचारलं. पाटलांनी टोपलीवर फडकं टाकलं.

संध्याकाळी चावडीवर सगळं गाव जमलं. माझ्या बाजूला कुणी बसेना.

“ह्या मास्तरनं पाखरं मोजली अन् साहेबाला घरला बोलावून घेतलं!” कुणीतरी ओरडलं.

“माजी एकच बैलजोडी हाय,” धुरपताबाई म्हणाली. ती एकटी बाई, पाच एकर रान हाताखाली. “ती आठ दिवस साहेबाच्या गाडीला जुपली तर ज्वारी काय म्या दातानं काढू?”

माणिकराव पाटील शांतपणे म्हणाले, “सोपं हाय. ज्वारीच्या रानातले माळ्यावरचे राखणदार बोलवा. वीस गोफणी घेऊन उद्या तळ्यावर जा. तासात पाखरू ऱ्हाणार न्हाई. पाखरं न्हाईत तर शिकार न्हाई, शिकार न्हाई तर मुक्काम न्हाई.”

सगळ्या माना डोलल्या. मी उभा राहिलो, हात जोडले.

“पाटील, पाखरं गेली तर माझी नोकरी जाईल. घरी म्हातारी आई आहे, दोन लेकरं आहेत...”

पाटलांनी सुपारी कातरायला घेतली. तेवढ्यात सटवाजी गुडघ्यावर हात टेकून उठला.

“बारा वर्सं ह्या गावाला मास्तर न्हवता. आता माजा नातू सोताचं नाव लिवायलाय. आठ दिवस काय, निघून जातेत. धुरपते, तुझी ज्वारी आमी समदे मिळून काढू. गोफणी ठेवा खाली.”

“अन् हाकाऱ्यात कोन जाईल? थंडगार पाण्यात?” मागून कुणीतरी विचारलं.

“पयलं नाव माजं लिवा. मोजली बी मीच हायेत.”

आणि गावानं ऐकलं! कुरकुरत, शिव्या घालत, पण ऐकलं. मला त्यांनी चार दणके घातले असते तर बरं वाटलं असतं. त्या रात्री माझी मलाच लाज वाटली. पण खोटं कशाला बोलू, नोकरी वाचली म्हणून सुटल्यासारखंही वाटलं.

सोमवारी पहाटे साहेब आले. तळ्याकाठी पाणकणसांचा, म्हणजे पाण्यातल्या उंच गवताचा, आडोसा केला होता. त्यात साहेब, त्यांची बंदूक, पेशकार आणि मी. बाहेर दाट धुकं. दोन हातांवरचं दिसेना. पाण्याकडून एक आवाज येईना. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी धुक्याकडे बघितलं. पाखरं आपल्या आपण निघून गेली असली तर? कुणी गुपचूप गोफण मारली असली तर? माझे दात वाजायला लागले.

“आवाज मत करो!” साहेब कुजबुजले.

मी जबडा दोन्ही हातांनी दाबून धरला. थोड्या वेळानं सूर्य वर आला, धुकं विरलं आणि मला रडूच फुटलं. तळं गच्च भरलेलं! काठापासून काठापर्यंत पाखरंच पाखरं!

“शाबाश मास्टरसाब!” साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “नोकरी पक्की!”

पण पाखरं होती तळ्याच्या मधोमध, बंदुकीच्या टप्प्याबाहेर. साहेबांनी पलीकडच्या काठावर उभ्या हाकाऱ्यांकडे बोट केलं. “पहले वो बुड्ढे कू उतारो. आहिस्ता हाँक को इधर लाने दो. एक भी उड़ा तो देखो!”

सटवाजी पाण्यात उतरला. धोतर खोचून, काठी टेकत, आधी गुडघ्यापर्यंत, मग मांड्यांपर्यंत. जानेवारीचं पाणी! लांबूनसुद्धा त्याची थरथर दिसत होती. तरी पाखरं दचकू नयेत म्हणून तो पाय असा टाकत होता, जणू देवळात शिरतोय. पाखरं हळूहळू आमच्याकडे सरकू लागली. साहेबांनी बंदूक उचलली.

आणि सटवाजीचा पाय घसरला. म्हातारा छातीपर्यंत गेला, गळ्यापर्यंत गेला. पण ओरडला नाही! तोंड गच्च मिटून, हात वर धरून तो तसाच धडपडत राहिला. ओरडला असता तर पाखरं उडाली असती, आणि पाखरं उडाली असती तर माझी नोकरी...

पुढचं मी ठरवून केलं असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे माझं मलाच कळलं नाही. मी ताडकन उभा राहिलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो.

“हाऽऽऽ हुर्र्योऽऽऽ! धरा! म्हाताऱ्याला धराऽऽऽ!”

माझा आवाज म्हणजे चार वर्ग एका खोलीत चालवणाऱ्या माणसाचा! रानातल्या माळ्यांवरच्या राखणदारांना वाटलं, पाखरं ज्वारीत शिरल्याचा इशारा झाला. त्यांनी वीसच्या वीस गोफणी फटकारल्या. फाट! फाट! फाट! तळं एकदम उठलं. आभाळ झाकोळलं, कानठळ्या बसल्या. दचकून साहेबांचा बार निघाला तो वर आडोशाला लागला, आणि सगळी पाणकणसं साहेब, पेशकार आणि बंदुकीसकट आमच्या अंगावर आली!

मी त्याखालून सरपटत निघालो, तळ्याला वळसा घातला आणि धोतरासकट पाण्यात गेलो. सटवाजीला मी आणि एका हाकाऱ्यानं मिळून बाहेर काढलं. निळा पडलेला म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, “मास्तर, किती ऱ्हायली?”

मी वळून बघितलं. एक टिटवी राहिली होती. तीही निघाली.

साहेब डोक्यावरची पाणकणसं झटकत समोर आले. मी मान खाली घातली.

“वो आवाज तुम्हारी थी?”

“जी.”

“अकेले की?”

“जी हुजूर.” मनात मी घरातलं सामान बांधायला घेतलं होतं.

साहेब पेशकाराकडे वळले. “बीस बीस हाकारे रखते अपन, तीन दिन में एक तीतर नहीं उठता. इसने अकेले चार हजार उठा दिए!”

पाखरं गेली होती गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या अंगाला. नऊ वाजायच्या आत मुक्काम हलला. साहेबांनी जाता जाता माझ्या तक्त्यावर शिक्का मारला. नोकरी राहिली, धुरपताबाईचे बैल राहिले, सटवाजी शेकोटीपाशी कढत दूध पीत बसला. गावानं मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

एवढ्यात घोडेस्वारानं आपली यादी काढली, वीस हाकाऱ्यांची नावं खोडली आणि त्या जागी एकच नाव लिहिलं.

“चलो मास्टरसाब. गंगा किनारे.”

आठ दिवस मी साहेबांच्या मागं गंगेच्या गाळात ओरडत फिरलो. पुढचे चार हिवाळेही फिरलो. आमच्या गावाची सगळी वेठ एका माणसावर भागायची. पाटील दरवर्षी मला वेशीपर्यंत पोचवायला यायचे, फार प्रेमानं!

पुढं निजामी गेली, नवं सरकार आलं. नवे इन्स्पेक्टर शाळा तपासायला आले. माझं सर्व्हिस बुक चाळताना ते एका उर्दू शेऱ्यापाशी थांबले. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्याबद्दल लिहिलेला तेवढा एकच चांगला शेरा. त्यांनी तो मोठ्यानं वाचला.

“‘आवाज बुलंद. हाके के लिए निहायत लायक.’ मास्तर, हा हाका म्हणजे कुठला विषय?”

“निसर्ग-निरीक्षण, साहेब,” मी म्हणालो.