सादिकचा मॅप

आमच्या शेजारच्या सादिकला काहीही विचारा, उत्तर एकच. भाजी खारट झाली? "मॅप बिघडला." एसटी आली नाही? "मॅप बिघडला." मला ताप आला तेव्हा दारात उभा राहून म्हणतो, "मामा, तुमचा मॅप बिघडलाय." मी चप्पल फेकली. लागली नाही, याचं अजून वाईट वाटतं.

सुप्याला कंपनीत लेथवर असतो. पन्नाशीला आला, लग्न नाही. सगळा जीव एका जुन्या लाल गाडीत. जोर वाढवायला तिच्यात मोठा टर्बो बसवलाय. इंजिनाच्या कॉम्प्युटरला लॅपटॉप जोडायचा, पेट्रोल किती, ठिणगी कधी, ते आकडे बदलायचे, की निघाला हायवेला. परत आला की पुन्हा आकडे. तोच त्याचा मॅप. त्या आवाजानं आमची फळीवरची भांडी खाली यायची. मी शिव्या घालायचो.

आणि माझी बायको कमल त्याच गाडीत जाऊन बसायची! गाडी हाकताना लॅपटॉप कसा बघणार? म्हणून ही मांडीवर घेऊन बसायची. शाळा दुसरीपर्यंत. पण इंजिनात ठोका पडला की पडद्यावरचा चौकोन लाल होतो, एवढं तिला पक्कं. "सादिक, लाल झालं रं, पाय काढ!" लॅपटॉप पोळतो म्हणून माझी उशी नेली, ती गाडीतच राहिली. मी त्याला म्हणायचो, "माझी बायको हाय का तुझी कंपाउंडर?" हा नुसता दात काढायचा.

कमल जाऊन तीन महिने झाले. गाडी तेव्हापासून एकदाच बाहेर निघाली, बाकी ताडपत्रीखालीच. परवा कळलं, विकायला काढलीय. माझं डोकंच फिरलं. गेलो तसाच.

"का रं, हाऊस फिटली?"

"मामी न्हाई. लाल झालं त्ये बघनार कोन?"

"गावातली मानसं मेली का? बसव कुनाला तरी."

"बसवलं हुतं एकाला. त्यानं उशी मागं फेकली." सादिक खाली बघत म्हणाला. "उतरवला त्याला, सुप्याच्या अलीकडंच."

मी ताडपत्री ओढली. दार उघडलं. उशी पुन्हा सीटवर नीट ठेवलेली, मधे दबलेली. ती मांडीवर घेतली आणि बसलो.

"लॅपटॉप आन."

गाडी सुटली. चौकोन लाल का हिरवा, मला काही दिसंना.

"मामा, तुमचा मॅप..."

"बोललास तर थोबाड फोडीन," मी म्हणालो. "हाक गाडी."