धुमाळकाकूंचा जिना

धुमाळकाकू साबण चाटून बघतात. आधी वास घेतात, मग वडी उजेडाकडे धरतात, अंगठ्याच्या नखाने कोपरा खरवडतात आणि तो कण जिभेच्या टोकावर ठेवतात. हे सगळं माझ्या दुकानात, भर गिऱ्हाइकांसमोर. रांगेतल्या जर्मन बायका एकमेकींकडे बघतात आणि मी मान खाली घालून गल्ल्यात उगाच काहीतरी शोधत राहतो.

रेगेन्सबर्गमध्ये माझं किराणा दुकान आहे. डाळी, मसाले आणि एका तुर्की घाऊक व्यापाऱ्याशी हुज्जत घालून आणलेले ऑलिव्ह तेलाचे साबण. या गावात आलो तेव्हा हॉटेलात भांडी घासत होतो. साबणातलं मला कुणी शिकवू नये. पण काकू शिकवतात.

"विलासराव, हा सीरियाचा. बाहेरून गुळासारखा, आतून हिरवा. कपाटांना बरा, पण याचा वास फार बोलका. हा फ्रेंच, चौकोनी, शिक्का मारलेला. ओट्याला उत्तम. जिन्यावर मात्र लगेच वाळतो." शेवटचं वाक्य त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या.

"मग घेताय का?"

"घाई काय आहे? साबण म्हणजे काय कोथिंबीर आहे, उद्या सुकायला? नमुन्याला एक तुकडा कापून द्या."

"काकू, मी वाणी आहे."

"म्हणून तर मागते. सोनार देतो का नमुना?"

मी भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फोडलाय, पण या बाईपुढे सुरी घेऊन साबण कापत बसतो. मागे कुणीतरी हसतं. माझे कान तापतात.

काकू साताऱ्याच्या. मुलगा इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, सून सॉफ्टवेअरमध्ये. नात शाळेत जाते. आजीचं मराठी तिला समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. ते दुसऱ्या मजल्यावर राहतात, मी त्यांच्या डोक्यावर तिसऱ्या.

बरेच नमुने झाल्यावर काकूंनी जिन्यासाठी डब्यातला काळा मऊ साबण पसंत केला. दिसायला काकवी. मी आपणहून सांगितलं, "हा नका घेऊ. पुसला तरी पायऱ्या कितीतरी वेळ ओल्या राहतात." हे ऐकून त्यांनी दोन डबे घेतले, आणि पहिल्यांदाच भाव केला नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

आमच्या इमारतीत जिना भाडेकरूंनी पाळीपाळीने धुवायचा असतो. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी लटकते. माझ्या पाळीला मी सोमवारी सकाळी गुडघे टेकून एकेक लाकडी पायरी घासतो, कारण सोमवारी दुकान उशिरा उघडतं. हा परदेशी, याला जिना काय कळणार, असं म्हणायची संधी मी या इमारतीत एकालाही दिलेली नाही. इथली माझी इज्जत त्या पायऱ्यांवर उभी आहे.

आणि मी धुऊन बादली आत ठेवली की खालून पुन्हा पाण्याचा आवाज. वाकून बघावं तर काकू, पदर खोचून, माझाच धुतलेला जिना काळ्या साबणाने धुतायत. एकदा गिळलं. पुढच्या पाळीला पुन्हा तेच. त्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या फ्राउ लेहनर पिशवी घेऊन वर येत होत्या. त्यांनी ते पाहिलं, मला पाहिलं आणि हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मी लावला: याचं काम याच्याच माणसांना पसंत नाही. शरमेने मी घरात शिरलो आणि तो डंख पुढची पाळी येईपर्यंत जपून ठेवला.

गेल्या महिन्यात ती आली. पाण्याचा आवाज ऐकल्याबरोबर मी खाली धावलो.

"काकू, माझ्या हातून जिना स्वच्छ होत नाही, हे एकदा तोंडावर सांगा."

"होतो की. आरशासारखा होतो."

"मग पुन्हा कशाला धुता?"

"ओला राहत नाही ना."

"ओला राहायला तो काय भाताचं खाचर आहे? फ्रेंच साबण लावा, पटकन वाळेल." माझा आवाज वरपर्यंत घुमला. कुठेतरी दार किलकिलं झालं.

काकूंनी फडकं पिळलं. "त्या फ्रेंचानेच पंचाईत केली. तो लावला की माणसं टकाटका निघून जातात. सीरियाचा जरा थोपवतो. हा काळा लावला की घसरायच्या भीतीने इथे थांबावंच लागतं."

तेव्हा मला दिसलं. त्यांच्या दाराबाहेर दोन स्टुलं होती. एकावर झाकलेली ताटली, शंकरपाळ्यांची.

"आमची पाळी महिन्यातून एकदा येते, विलासराव. तेवढ्याने काय होतं? म्हणून तुमच्या पाळीवर हात मारला. बाकीच्यांच्या नाही मारत. ते परके."

रोज सकाळ-संध्याकाळ मी या दारावरून जातो. कधी थांबल्याचं आठवत नाही.

खालून फ्राउ लेहनर आल्या. काकूंनी हात वर केला, "मोमेंट, मोमेंट." फ्राउ लेहनर स्वतःच्या घरातल्यासारख्या स्टुलावर बसल्या, ताटली मांडीवर घेतली, एक शंकरपाळं तोंडात टाकलं. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. त्या दिवशीचंच हसू. माझ्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

"बरे सापडलात," काकू मला म्हणाल्या. "तर मग, हिला विचारा, घरी कोण कोण असतं. केव्हाचं विचारायचंय."

मी विचारलं.

"मी एकटीच," फ्राउ लेहनर म्हणाल्या. "आणि यांच्याकडे?"

हा प्रश्न काकूंना भाषांतर करून सांगायची मला गरज वाटली नाही. मुलगा, सून, नात, काकू. मी चार बोटं दाखवली.

काकूंनी माझ्या बोटांकडे पाहिलं.

"सकाळी आठनंतरचं सांगा," त्या म्हणाल्या.

मी तीन बोटं मिटली.