‘मेंढका’चा फोन नंबर

नागसेननं लॅपटॉपवर आपला गेम उघडला आणि पडद्यावर माणदेशचा माळ उभा राहिला, तेव्हाच वीरधवलचं तोंड कडू झालं. उन्हानं पांढरी पडलेली जमीन, शंभर मेंढरं, एक कुत्रं आणि डोईवर गठुडं घेतलेली बनाबाई नावाची म्हातारी. खेळणाऱ्यानं तिला चारापाणी शोधत कृष्णाकाठापर्यंत न्यायचं. एक मेंढरू मागं राहिलं तरी म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राही आणि खेळणाऱ्यालाच झाडून काढी.

"कसा वाटतोय?" नागसेननं विचारलं.

"बरा हाय," वीरधवल म्हणाला. "मेंढरं जरा जास्तच झाली."

दोघं सांगलीच्या कॉलेजात एकाच खोलीवर राहिलेले. "मी व्हिडिओ गेम बनवणार" असं तेव्हा रोज छाती ठोकून सांगायचा तो वीरधवल. नागसेन नुसता ऐकायचा. पुढं वीरधवल तिथल्याच विश्रामबागेत ऑफिस थाटून हळदीचे व्यापारी, मंगल कार्यालयं आणि दातांचे डॉक्टर यांच्या वेबसाइट करू लागला. त्याचा स्वतःचा गेम नऊ वर्षं चालूच होता. त्यातला नायक फक्त उजवीकडे वळायचा. आणि दहिवडीच्या नागसेननं चार वर्षं कुणाला काही न बोलता अख्खा ‘मेंढका’ गेम करून आणला होता.

"वीऱ्या, आता ह्याची झकास वेबसाइट करून दे. तुझ्याशिवाय भरवशाचं कोण हाय मला?"

वेबसाइट वाईट व्हावी असं वीरधवलला मनापासून वाटत होतं, पण हात ऐकेनात. पान उघडलं की माळावर धूळ उडायची, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजायच्या. फक्त कौतुकाचा मजकूर लिहिताना त्याचा जीव जायचा. ‘अप्रतिम गेम’ लिहून तो खोडायचा आणि ‘ठीक गेम’ लिहायचा. शेजारच्या टेबलावर चित्रांचं काम करणारी त्याची बायको संयोगिता ते परत ‘अप्रतिम’ करायची. या जळफळाटात ‘संपर्क’ची कळ चालते का हे बघायला त्यानं स्वतःचा मोबाईल नंबर टाकला आणि काढायचा विसरला.

सोमवारी वेबसाइट सुरू झाली. मंगळवारी सकाळीच पलूसहून फोन आला.

"मेंढकावालं का?"

"हां, बोला."

"आवं, काय गेम केलाय! आमची म्हातारी चष्मा लावून खेळत बसलीया. म्हणती, मेंढरं अश्शीच अडत्यात. तुमच्यासारखी डोकी पायजेत बघा!"

"अहो, तो गेम मी—" वीरधवल म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. बंद फोनला कोण काय खुलासा करणार?

दुसऱ्या फोनला तो "धन्यवाद" म्हणाला. पाचव्याला म्हणाला, "कष्ट लय पडले." गुरुवारी तर पाचगणीच्या एका शाळेतल्या बाईंना त्यानं सांगून टाकलं, की बनाबाई ही आपली सख्खी आजी. वास्तविक त्याच्या घराण्यात चार पिढ्या ऊस आणि पलटण. मेंढरू कुणी हातात धरलेलं नव्हतं.

शुक्रवारी साताऱ्याहून लालासाहेब नावाच्या एका मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. रविवारी गेम करणाऱ्याचा सत्कार ठरला होता. वीरधवल "बघतो" म्हणाला आणि घरी जाऊन त्यानं जाकिटाला इस्त्री केली.

"कुठं निघालाय?" संयोगितानं विचारलं.

"साताऱ्याला. गिऱ्हाईक हाय."

शनिवारी दुपारी नागसेन ऑफिसच्या दारात उभा. चेहरा पार उतरलेला.

"वेबसाइट बंद कर, गड्या."

"का रं?"

"पाच दिवस झालं. एका माणसाचा फोन न्हाई. आवडला न्हाई तर शिव्या तरी घालाव्यात की न्हाई? तेवढ्यासुद्धा लायकीचा न्हवता म्हणायचा. पुण्यात नोकरी मिळतीया. सोमवारी हजर व्हतो."

खोटं कशाला सांगा, वीरधवलला क्षणभर गार वाटलं. मग नागसेननं काखेतला लॅपटॉप न उघडताच पिशवीत कोंबला आणि वीरधवलला ते बघवेना. तो काहीतरी बोलणार, तोच संयोगिताच्या टेबलावर चार्जिंगला लावलेला त्याचा मोबाईल वाजला. तिनं सवयीनं स्पीकर लावला.

"लालासाहेब बोलतोय, साताऱ्यासनं. साहेबांच्या डोक्याचं माप पायजे हुतं. फेटा बांधूनच ठेवतो."

"कुठल्या साहेबांच्या?" संयोगितानं विचारलं.

"आवं, वीरधवल साहेबांच्या! मेंढका गेम ज्यांनी बनवला त्ये. आणि बॅनरवर त्यांच्या आजीचा फोटो लावायचाय. मेंढरांसंगं असंल तर लय बरं."



"तुझी आजी?" नागसेन म्हणाला. "ती तर मुख्याध्यापिका हुती की रं!"

वीरधवलचे कान लालबुंद झाले. त्यानं सगळं सांगितलं. नंबर कसा राहिला, त्रेचाळीस फोन कसे आले, कोण काय म्हणालं. "पहिला चुकून घेतला, नागसेन. बाकीचे चुकून न्हाईत. कुणीतरी आपल्यालाबी असं म्हणावं वाटलं." मग त्यानं अजून चालूच असलेला मोबाईल उचलला. "लालासाहेब, गेम मी न्हाई केला. माझ्यासमोर बसलाय त्या माणसानं केलाय. डोकं त्याचंच मापा."

वीरधवलनं तिथल्या तिथं वेबसाइटवरचा नंबर बदलून नागसेनचा टाकला. संयोगितानं दोघांपुढं चहा ठेवला, पण नवऱ्याच्या कपाकडं न बघता.

चहा संपायच्या आत नागसेनचा फोन वाजला. त्यानं मुद्दाम स्पीकर लावून मोबाईल टेबलाच्या मधोमध ठेवला.

"मी तासगावातनं बोलतीय," एक बाई म्हणाल्या. "दादा, तीन दिवस खेळतीय. ती म्हातारी मला वरडली न्हवं, तवा माझी आईच आठवली बघा!"

नागसेनचे डोळे भरून आले. पुण्याचं तो विसरून गेला. वीरधवलनं खाली मान घालून ऐकून घेतलं.

"आणि त्या वेबसाइटवर ती धूळ, त्या घंटा... मी आधी तीच बघत बसले. लय देखणी केलीय! कुणी केली वो ती?"

वीरधवलनं मान वर केली. दहा वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न कुणी पहिल्यांदाच विचारला होता. तो सरसावून बसला, त्यानं कॉलर नीट केली.

नागसेननं त्याच्याकडं अगदी सावकाश, डोळे भरून बघितलं.

"ती व्हय?" तो फोनवर म्हणाला. "ती बी मीच केली, ताई."