विषाणूतज्ज्ञ, रूम नंबर सात

दुसऱ्या लाटेच्या एप्रिलमध्ये एका सकाळी, चहा निवायच्या आत, बाबुरावांनी ठरवलं की आज कुंडलिकला उत्तर द्यायचंच.

कुंडलिक म्हणजे कल्याणजवळच्या मोहन्यातल्या त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी. कोरोना आल्यापासून त्याने पाण्याची टाकी आणि जिन्यातले बल्ब वाऱ्यावर सोडले होते आणि स्वतः पूर्णवेळ वैद्यकात शिरला होता. पहाटे पाचपासून सोसायटीच्या ग्रुपवर त्याचे मेसेज सुरू. दहा सेकंद श्वास रोखता आला म्हणजे कोरोना नाही. नाकात लिंबू पिळा. (तळमजल्यावरच्या एका सज्जन गृहस्थांनी ते खरोखर पिळलं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी दोन दिवस खळेना, आणि लोक लांबूनच त्यांचं सांत्वन करून जात होते.)

त्या दिवशीचा मेसेज असा होता : ‘शास्त्रज्ञ आधी बोलले मास्क नको. मग बोलले मास्क लावा. आता बोलतात दोन-दोन लावा. ज्यांचं स्वतःचंच ठरत नाही त्यांचं आपण का ऐकायचं? पटलं तर दहा जणांना पाठवा.’ खाली बावीस अंगठे.

बाबुरावांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. ज्या माणसाने गेल्या दिवाळीत जिन्यातला बल्ब उलटा फिरवून होल्डरसकट उपटला होता, तो माणूस शास्त्रज्ञांच्या चुका काढतो! त्यांनी एका बोटाने टाइप केलं : ‘कुंडलिकराव, नवीन माहिती मिळाल्यावर मत बदलणं यालाच विज्ञान म्हणतात. टाकी दर सोमवारी धुणार असं तुम्ही म्हणाला होतात. मग महिन्यातून एकदा म्हणालात. आता म्हणता पावसाळ्यानंतर बघू. मत तुम्हीही बदलता. शास्त्रज्ञ पुरावा बघून बदलतात, एवढाच फरक.’

उत्तर लगेच आलं : ‘तुम्ही कोण एक्स्पर्ट?’

आता खरं म्हणजे एक्स्पर्ट त्याच घरात, दोन हातांच्या अंतरावर उभी होती. बाबुरावांची बायको रंभा पालिकेच्या आरोग्य केंद्रात सव्वीस वर्षं नर्स. त्या क्षणी ती एका हाताने डबा भरत होती आणि दुसऱ्या हाताने मास्कची नाडी बांधत होती.

“काय टायपताय एवढं?” तिने विचारलं.

“लोकांना अक्कल शिकवतोय.”

“मग वेळ लागेल. मी निघते.”

ती गेली, आणि बाबुरावांनी ग्रुपवर लिहिलं : ‘मी तीस वर्षं लॅबमध्ये होतो.’

हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. कारखान्याच्या लॅबमध्ये बाबुराव तीस वर्षं आवक-जावक क्लार्क होते. आलेल्या बाटल्यांची नोंद करायची, त्यांच्यावर लेबलं चिकटवायची. बाटलीत काय आहे हे त्यांना कधी कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

संध्याकाळी फोन आला. आंबिवलीची प्रमोदिनी म्हणून एक बाई ‘नदीकाठ लाईव्ह’ नावाचं यूट्यूब चॅनल चालवायच्या. त्यांची बहीण याच सोसायटीत राहायची, त्यामुळे ग्रुपवरचं भांडण त्यांच्यापर्यंत ताजं ताजं पोचलेलं.

“सर, रविवारी चर्चा ठेवतेय. ‘तज्ज्ञांवर विश्वास ठेवायचा का?’ एका बाजूला कुंडलिकराव, दुसऱ्या बाजूला तुम्ही.”

“अहो, मी तज्ज्ञ नाही. मी तज्ज्ञांच्या बाजूचा आहे.”

“चालेल ना सर, बाजूच महत्त्वाची.”

“त्यापेक्षा माझ्या मिसेसना घ्या. नर्स आहे ती. रोज दीडशे लसी टोचते.”

“त्यांना वेळ असतो?”

“छे हो! सकाळी आठला जाते ती रात्री आठला येते.”

“मग कसं होणार, सर? तज्ज्ञ म्हणून बोलायला माणूस मोकळा पाहिजे.”

रविवारी बाबुराव इस्त्रीचा शर्ट घालून (खाली लेंगा) तांदळाच्या डब्याला टेकवलेल्या फोनसमोर बसले. चारशे माणसं बघत होती. कुंडलिकने सुरुवातच आजोबांपासून केली.

“माझ्या आजोबांनी आयुष्यात तज्ज्ञ बघितला नाही. नव्वद वर्षं जगले!”

“त्यांना भावंडं किती होती?” बाबुरावांनी विचारलं.

“अकरा.”

“त्यातली मोठी किती झाली?”

“तीन. पण ती जगली ना!”

बाबुरावांना हुरूप आला. ते बोलत सुटले. लसीवर बोलले, मास्कवर बोलले, कुंडलिकच्या लिंबावर बोलले. एका प्रेक्षकाने ऑक्सिमीटरबद्दल विचारलं, तेव्हा रंभाकडून ऐकलेलं त्यांनी ऐटीत सांगून टाकलं, “बोटं थंडगार असली, नखांना मेंदी नाहीतर नेलपॉलिश असलं, तर आकडा चुकू शकतो.” रंभा याच्यापुढे नेहमी एक वाक्य जोडायची : पुन्हा मोजा, आणि तरी कमी आला तर सरळ हॉस्पिटल गाठा. तेही बाबुराव जोडणारच होते. पण तेवढ्यात त्यांची नजर स्क्रीनवरच्या लाल पट्टीवर गेली. कुंडलिकच्या नावाखाली ‘ज्येष्ठ विचारवंत’ लिहिलेलं होतं. आणि त्यांच्या नावाखाली ‘ज्येष्ठ विषाणूतज्ज्ञ’.

“प्रमोदिनीताई, ती पट्टी...”

“पट्टीकडे येऊच सर, आधी एक छोटा ब्रेक!” आणि बाबुरावांचा आवाज बंद झाला तो शेवटपर्यंत.

रंभाने घरी आल्यावर आंघोळ केली, कपडे गरम पाण्यात टाकले आणि मग तो कार्यक्रम बघितला.

“विषाणूतज्ज्ञ?” ती म्हणाली.

“मी सांगत होतो गं! तिने माझा आवाजच बंद केला.”

“मग ग्रुपवर लिहा की. तो तर चालू आहे ना?”

बाबुरावांनी ग्रुप उघडला. ‘मी विषाणूतज्ज्ञ नाही’ एवढं टाइपही केलं. पण वर मेसेज येतच होते. ‘साहेब, एक नंबर.’ ‘साहेब, सोसायटीला तुमचा अभिमान आहे.’ बाबुरावांचं बोट थांबलं. (तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कोणी ‘साहेब’ म्हटलं नव्हतं. शिपायानेसुद्धा.) उद्या लिहू म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तो उद्या काही आला नाही, फोन मात्र आले. विठ्ठलवाडीहून आले, कल्याणहून आले, थेट ठाण्याहूनही एक आला. लस घेऊ का, घेतल्यावर अंडं चालेल का, अंडं आधी की लस आधी. बाबुराव दर वेळी सांगायचे, “माझ्या मिसेसशी बोला, तिला सगळं माहीत आहे.” आणि दर वेळी पलीकडून एकच उत्तर यायचं, “त्या नर्स आहेत हो. आम्हाला तज्ज्ञाचं मत पाहिजे.” बाबुराव फोन ठेवून घरात येरझारा घालत. लोकांना खरा माणूस कळत नाही म्हणून ते संतापत. खोटा माणूस कोण, हे मात्र फार खोलात जाऊन बघत नसत.

बुधवारी भर दुपारी रंभाचा फोन आला. “तिसऱ्या मजल्यावर या. दोन मास्क लावून. जिन्यातच थांबा.”

तिसऱ्या मजल्यावर देवराम राहायचा. कारखान्यात मशीनवर होता, बाबुरावांच्याच वयाचा. पाच दिवस ताप. आज श्वास लागला तेव्हा त्याची बायको चित्रा हिने रंभाला बोलावलं. ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी. रंभाने चार ठिकाणी फोन करून कोविड सेंटरमध्ये एक बेड मिळवला होता. तीनपर्यंत पेशंट पोचला नाही तर तो दुसऱ्याला देणार होते. खाली ॲम्ब्युलन्स उभी होती. आणि देवराम, उघड्या दारासमोर पलंगावर बसून, दोन्ही हात गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवून बसला होता.

“साहेब बोललेत,” तो धापा टाकत म्हणाला, “बोटं थंड असली की आकडा चुकतो.”

“भाऊ, तीन वेळा पाणी तापवलं चित्राने,” रंभा म्हणाली. तिने त्याचं बोट पुसून पुन्हा मशीन लावलं. सत्त्याऐंशी.

“पाणीच गरम नाही,” देवराम म्हणाला. आणि मग जरा खालच्या आवाजात, “तिकडे गेलेला माणूस परत येत नाही, सिस्टर. कारखान्यातल्या आमच्या लाईनीतले तिघं गेलेले. एकपण नाही आला.”

चित्रा रिकामं तपेलं हातात घेऊन भिंतीला टेकली होती. “बाबुरावभाऊ, तुम्ही तरी सांगा,” ती म्हणाली.

आपण खाल्लेलं अर्धं वाक्य बाबुरावांना आत्ता आठवलं.

“देवराम, माझं ऐकू नकोस!” ते जिन्यातून ओरडले. “मी तज्ज्ञ नाही! आवक-जावक क्लार्क होतो मी! बाटल्यांवर लेबलं लावायचो!”

देवरामने त्यांच्याकडे भक्तिभावाने बघितलं. “बघ चित्रा. किती साधा माणूस आहे.”

“अरे साधा नाही, खोटा आहे मी!”

“मोठी माणसं अशीच असतात,” खालच्या पायरीवरून आवाज आला. कुंडलिक होता. “खरा तज्ज्ञ स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेत नाही.” दोन-तीन दारांतून माना डोलल्या.

बाबुरावांना वाटलं, जिन्याचा कठडा उपटून कोणाच्या तरी डोक्यात घालावा. पण कोणाच्या? समोर रंभा उभी होती. प्लास्टिकच्या अंगरख्यात घामाने भिजलेली, नाकावर मास्कचा लाल वळ. अंगरखा मध्येच काढता येत नाही म्हणून सकाळपासून घोटभर पाणी प्यायली नव्हती. याच बिल्डिंगमधली निम्मी पोरं तिच्या हातची पोलिओची लस पिऊन मोठी झालेली. तिच्या हातातलं मशीन खोटं, तिने मिळवलेला बेड खोटा, आणि लेंग्यावर बसून बडबडलेला माणूस तेवढा खरा! संताप इतका झाला की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यातला बराचसा संताप स्वतःवरचाच होता.

“अहो, रागवायचं ते नंतर रागवा,” रंभा शांतपणे म्हणाली. “सव्वादोन झालेत. तो ज्याचं ऐकतो, त्याच्या तोंडून सांगा.”

“म्हणजे पुन्हा खोटं बोलू?”

“आधी बोललात तेव्हा विचारलं होतंत का मला?”

बाबुरावांनी शर्ट खाली ओढला, ताठ झाले आणि घसा खाकरला.

“देवराम! मी ज्येष्ठ विषाणूतज्ज्ञ म्हणून सांगतोय. बोटं शिजायची वेळ आली तरी सत्त्याऐंशी दाखवतंय. मशीन बरोबर आहे. आत्ताच्या आत्ता ॲम्ब्युलन्समध्ये बसायचं.”

देवरामने लगेच पातेल्यातून हात काढले. “असं होय? मग चला.”

“अरे, सिस्टर तासभर दुसरं काय सांगत होत्या?”

“त्या तेच सांगत होत्या, साहेब. पण त्या सांगत होत्या ना.”

रंभाने त्याला एक पायरी उतरू दिली नाही. ॲम्ब्युलन्सवाल्या दोघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्याला खाली नेलं. जाताना, त्या मेल्याने, बाबुरावांना हात जोडले.

देवराम पंधरा दिवसांनी घरी आला. वजन आठ किलो कमी, आवाज मात्र होता तेवढाच. अजून अर्धा दिवस उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असं तिकडच्या डॉक्टरांनी चित्राला सांगितलं होतं. सोसायटीने लगेच खाली कंपाउंडमध्ये, सहा-सहा फुटांवर खुर्च्या मांडून, बाबुरावांचा सत्कार ठेवला. बाबुरावांनी शालीला हात लावायला साफ नकार दिला.

“हा मान रंभाचा आहे,” ते म्हणाले. “जीव तिने वाचवला. मी फक्त खोटं बोललो.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुंडलिकने गहिवरून रंभावहिनींना पुढे बोलावलं आणि गुच्छ दिला. “अशा विद्वान माणसाला दोन वेळचं जेवण वेळेवर करून घालणाऱ्या वहिनी!”

“गेलं वर्षभर स्वयंपाक हेच करतायत,” रंभा म्हणाली.

“बघा!” कुंडलिक म्हणाला. “किती साधा माणूस!”

आता मात्र अति झालं. बाबुरावांनी तिथूनच प्रमोदिनीला फोन लावला आणि त्या बाईला बोलूच दिलं नाही.

“ताई, जाहीर दुरुस्ती करा! मी विषाणूतज्ज्ञ नाही. विषाणूशी माझा काडीचा संबंध नाही. तीस वर्षं लॅबमध्ये बसून माझा नुसता मणका झिजलाय. मणका! मला कळतं ते एवढंच. आजच्या आज सांगा लोकांना!”

“सॉरी सर, खरंच सॉरी,” प्रमोदिनी म्हणाली. “आजच करते.”

आणि तिने शब्द पाळला. संध्याकाळच्या बातम्यांत, बाबुरावांच्या फोटोखाली, ठळक अक्षरांत पट्टी फिरली : ‘दुरुस्ती – श्री. बाबुराव हे विषाणूतज्ज्ञ नसून ज्येष्ठ मणकातज्ज्ञ आहेत. झालेल्या चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’

दुसऱ्या दिवशी सकाळी रूम नंबर सातची बेल वाजली. बाबुरावांनी दार उघडलं. बाहेर, कमरेवर हात ठेवून, काटकोनात वाकलेला कुंडलिक उभा होता.

“जय भीम, साहेब. पाण्याची टाकी धुवायला गेलेलो. कंबर धरली.”

“कुंडलिक,” बाबुराव दातओठ खात म्हणाले, “हात जोडतो तुला. आयुष्यात एकदा तरी रंभाचं ऐक. ती आत्ताच खाली गेली, तिला विचार.”

“भेटल्या ना जिन्यात. विचारलं.”

“मग? काय म्हणाली?”

“म्हणाल्या, घरगुती उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टरला दाखवा.” कुंडलिकने कण्हत उंबरा ओलांडला आणि शर्ट वर करून पाठ वळवली. “म्हटलं, पहिल्यांदाच वहिनींचं ऐकतो. आलो.”