सिंधुचे आतले बूट

कोणत्याही समाजाची प्रगती त्याचे पाय मातीपासून किती दूर गेले यावरून मोजावी, असे जाणकार म्हणतात. या मापाने लातूर तेव्हा फार वेगाने पुढे चालले होते. जिल्हा होऊन चार वर्षे झाली होती आणि धड पाऊस पडून दोन. नव्या जिल्ह्याला सगळे मिळाले होते. फक्त कचेऱ्यांना इमारती आणि नळांना पाणी, एवढेच यायचे राहिले होते. (दोन्ही बाबी विचाराधीन होत्या.)

अशा दिवसांत गावात एक नवी इंग्रजी शाळा निघाली आणि तिने छताखाली खेळायचा हॉल बांधला. त्याची फरशी इतकी सुरेख, की पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला नेत आणि दारातूनच परत आणत. फरशी पुसायला पाणी नव्हते. तेव्हा ती मळूच न देणे हा मार्ग उरला. शाळेने परिपत्रक काढले: पहिलीत येणाऱ्या प्रत्येक बालकाकडे 'आतले बूट' असावेत. तळ पांढऱ्या रबराचा असावा. बूट बाहेरच्या जमिनीला एकदाही टेकलेला नसावा. सोमवारी बालकाने ते घालून हॉलच्या दारापासून मोठ्या बाईंच्या टेबलापर्यंत चालत यावे. पडेल किंवा डाग पाडील त्या बालकाने पुढच्या वर्षी पुन्हा यावे.

जिल्हा कचेरीतले अव्वल कारकून भगवानराव यांनी हे परिपत्रक तीनदा वाचले आणि त्यांचा ऊर भरून आला. इतके निर्दोष परिपत्रक त्यांच्या कचेरीतूनही कधी निघाले नव्हते. पण सोबत धाकधूकही होती. त्यांची सहा वर्षांची सिंधु याच शाळेत जाणार म्हणून हटून बसली होती, कारण तिथे घसरगुंडी होती.

"मला संगं न्या की बाबा दुकानात."

"पाय बघ तुझे. धुवायला पाणी कुठं हाय? बूट तिथंच मळतील."

यात खोट काढायला जागा नव्हती. बुटाला माती लागू द्यायची नाही आणि पायाला तर माती आहेच. तेव्हा बूट निवडताना पाय जवळपास नसलेला बरा. भगवानरावांनी सुतळीने पाऊल मोजले. आता लेकराचे माप जेवढ्यास तेवढे घेणे आमच्याकडे अशुभच समजतात. भगवानरावांच्या अंदाजाने आपल्या भागातली शंभरातली चौऱ्याण्णव लेकरे पुढच्या वर्षीच्या कपड्यांत चालू वर्ष काढतात. (उरलेली सहा थोरल्याच्या मागच्या वर्षीच्या कपड्यांत.) म्हणून त्यांनी एक बोट वाढवून गाठ मारली आणि सुतळी कोनाड्यात ठेवली.

दुपारी त्यांच्या पत्नी रुक्मिणबाईंनी ती पाहिली. "ह्यांना काय कळतंय, वाढतं अंग हाय पोरीचं," असे मनाशी म्हणून त्यांनी गाठ सोडली आणि दोन बोटे पुढे बांधली. दिवेलागणीला आजी नागाबाईंनी एक बोट. निलंग्याहून आलेली आत्या चांगुणा निघता निघता पाणी प्यायला आत गेली, तिने एक. कुणी कुणाला बोलले नाही. माया ही न सांगता करायची गोष्ट आहे.

गंजगोलाईच्या बाजारात बूटवाल्या बसलिंगप्पाने सुतळी बुटाला लावली. मग वरच्या फळीवरच्या बुटाला. मग त्याच्याही वरच्या. शेवटी स्टूल घेतले.

"साहेब, लेकरू कितवीत हाय?"

"पहिलीत जाणार."

"कितव्यांदा?"

"मापात फेरफार करायचा अधिकार आपल्याला न्हाई, बसलिंगप्पा. सुतळीपरमाणं द्या."

"देतो की. पर ह्या मापाचं बूट लग्नाला नवरदेव नेत्यात."

भगवानरावांनी खोका मांडीवर घेऊन रिक्षातून घरी आणला आणि सोमवार सकाळपर्यंत कुणाला उघडू दिला नाही. सोमवारी सिंधुने एका बुटात दोन्ही पाय घातले. ते मावले.



"म्या एकच बोट वाढवलं," नागाबाई म्हणाल्या.

"तुम्ही बी?" रुक्मिणबाई म्हणाल्या.

चांगुणाआत्या निलंग्याला पोचली होती, म्हणून पाचव्या बोटाचा छडा त्या दिवशी लागला नाही.

हदगावहून आलेल्या कापसाची एक उशी होती, ती फाडून बुटांत भरली. सिंधु दोन पावले चालली आणि पडली. पुन्हा उठली, पुन्हा पडली.

"बाबा, माझा पाय कुठं गेला?" मग म्हणाली, "मोठी झाल्यावर जाते मग शाळंत."

भगवानरावांनी बूट खोक्यात घातले. एका हाताने खोका, दुसऱ्याने पोरीला धरून ते निघाले.

शाळेत हॉलच्या दारापाशी टेम्पोतून लोखंडी कपाटे उतरत होती. इमारतीअभावी जिल्हा कचेरीची एक शाखा हॉलमध्ये हलवण्याचा आदेश झाला होता. मोठ्या बाईंनी कागद पुढे केला. खाली भगवानरावांचीच सही होती. (दुसऱ्यांची परिपत्रके ते तीनदा वाचत. आपल्या कचेरीची नुसती पुढे पाठवत.)

आता चाचणी अंगणात घ्यावी लागणार होती आणि आतले बूट बाहेर टेकवायचे नाहीत हा नियम तर कायमच होता. म्हणून सगळ्या बालकांनी अनवाणी चालावे असे ठरले. सिंधु चाललीच नाही. ती पळाली, टेबलापर्यंत पोचली, त्याला वळसा घातला आणि थेट घसरगुंडीवर चढली. मोठ्या बाईंनी नाव लिहून घेतले.

हॉल देताना शाळेने मात्र एक अट घातली: आत आतल्या बुटांखेरीज प्रवेश नाही. ती शाखा भगवानरावांचीच; तिच्यातल्या बावीस जणांत नियमात बसणारा जोड एकाच्याच काखेत होता. भगवानरावांनी कापूस काढला आणि पाय घातला. मुळात त्यांचा पाय लहानच. बूट मापून शिवल्यासारखा बसला. तेव्हापासून हॉलमध्ये ते एकटे बसतात. एकवीस कर्मचारी आणि अर्जदार दाराबाहेर उभे असतात. कामकाज इतके शिस्तीत पूर्वी कधी चालले नव्हते.

वाचकांना हसू आले असेल. येऊ द्या. तुम्ही आपल्या लेकराला 'मोठेपणी कोण होणार गं?' असे पाहुण्यांसमोर विचारता आणि ते डॉक्टर म्हणते, तेव्हा पाहुणेही हसतात. सुतळीला त्या वेळी तुमची किती बोटे लागली होती, तेवढे घरी कुणाला सांगू नका. घरातल्या बाकीच्यांचीही लागलेली असतील.